काजळीचा पडदा

३ जून

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही रिटायर झाल्यापासून तुमचं आणि आईचं बोलणं बंद आहे, असं मावशीने कळवलं. वय काय, चाललंय काय! मी प्रयोगशाळेत बनवते त्या बॅटरीतही दोन टोकं अशीच समोरासमोर बसलेली असतात. मधे पातळ पडदा. आतल्या लिथियम धातूला काटे फुटतात, ते पडद्यातून आरपार गेले की आग लागते. म्हणून मी पडद्याला कार्बनचा लेप देते. काजळीच म्हणा, फक्त फार म्हणजे फारच बारीक. तुमचं लवकर मिटवा, माझं कामात लक्ष लागत नाही. रागवा, पण लोभ कमी करू नका.

तुमची धाकटी

११ जून

चि. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र आईने वाचलं आणि त्याच दुपारी हॉलच्या मधोमध चादर टांगली. तिला काजळी फासली, तीही दोन्ही बाजूंनी. मी विरोध करणार होतो, पण बोलणंच बंद, करणार कोणाकडे? आता टीव्ही माझ्याकडे, रिमोट तिच्याकडे. शेजारचे शिंपी नाटकाची तालीम समजून खुर्ची घेऊन आले. त्यांना पलीकडे चहा मिळाला, मला वास. पडदा कधी काढायचा, ते शास्त्र बघून कळव. जिवाला जप.

तुझे बाबा

१८ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

अगं, चादरीला काजळी? लेप आडकाठी करायला नसतो गं. लिथियम एकाच जागी साचलं की तिथे काटा उगवतो. लेपामुळे ते सगळीकडे सारखं पसरतं आणि पडद्यातून येणं-जाणं चालू राहतं. ते थांबलं की बॅटरी मेली. तुझं कुठे साचलंय, ते बाबांना एकदा सांगून टाक. मला तुम्हा दोघांची खरंच काळजी वाटते. माझ्यावर माया आहेच, ती बाबांवरही असू दे.

तुझी धाकटी

२६ जून

चि. धाकटीस अ. आ.

सांगितलं, चादरीकडे तोंड करून. रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ह्यांनी माझं स्वयंपाकघर ऑफिससारखं लावलं, डब्यांना नंबर दिले. मिठासाठी ह्यांना हाक मारायची. माझ्याच घरात मी पाहुणी झाले. मला वाटलं, हे झोपले. मग पलीकडून म्हणाले, "मला घरात काही कामच नव्हतं गं."

ह्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकलं, ते जन्मात पहिल्यांदा. मला रडूच आलं. डबे जागेवर गेले. मी चादर काढायला लागले, तर म्हणाले, "राहू दे. समोर असलीस की मी वाद घालतो." म्हणून पडदा आहे, बोलणंही आहे. तुझ्यावरची माया होती तेवढीच आहे.

तुझी आई

ता. क. दोघांचीही नाकं काळी कशी, असं शिंपी विचारत होते. तू विचारू नकोस.