उशिरा पोचणारा हुकूम

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी देवापुढे चंदन उगाळायला बसलो. सहाणेवर खोड फिरवता फिरवता फेरे लहान होत गेले. मोठे करीन म्हटलं तरी होईनात! शेवटी खोड जागच्या जागी नुसतं थरथरलं. दुखत काही नव्हतं. हातात जोर होता. फक्त हात ऐकत नव्हता.

बायको, रत्नमाला, मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "चालतानाही तुमचा उजवा हात हालत नाही जी. दिवाळीपासून पाहून राहिली मी."

मी म्हटलं, "मग बोलली कावून नाही?"

"बोलली असती तर मलेच झापलं असतं तुम्ही!"

खरं आहे.

१५ जानेवारी

नेहरू नगरला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी अंगठ्यावर बोट टेकवत राहायला सांगितलं. आधी बोट मोकळं उघडत होतं, मग कमी कमी, मग अडकलंच. चालवून पाहिलं. मनगट धरून फिरवलं. म्हणाले, पार्किन्सनची सुरुवात आहे.

हात चांगला आहे, स्नायूही चांगले आहेत. पण मेंदूत एक रसायन तयार होतं, हालचाल सुरू करायला आणि नीट चालू ठेवायला ते लागतं. ते कमी पडलंय. म्हणून मेंदूचा हुकूम हाताला उशिरा पोचतो, आणि पोचतो तोही अर्धामुर्धा. आजार जाणार नाही, पण गोळीनं आणि व्यायामानं पुष्कळ फरक पडेल.

मग काम विचारलं. स्टील प्लँटमध्ये क्रेन चालवतो म्हटल्यावर त्यांचं पेन थांबलं. "ऑफिस में बता दीजिए. पहले यही कीजिए."

हे शेवटचं रत्नमालाला सांगितलं नाही.

१६ जानेवारी

पन्नाशी आली. बोट हलवावं वाटतं आणि बोट हलतं — मध्ये कोण राबतं, कधी विचारलंच नाही. रोज हात जोडतो, पण हात जुळतात ह्याबद्दल कधी आभार मानले नाहीत!

२८ जानेवारी

गोळी लागू पडली! संध्याकाळी रिसालीच्या रस्त्यानं दोघं फिरायला गेलो. हात आपोआप मागेपुढे होत होता. रत्नमाला म्हणते, "पाहा बरं, कसे साहेबासारखे चालून राहिले!" किती दिवसांनी हसलो.

आता ऑफिसात कशाला सांगायचं? क्रेनवरच आयुष्य गेलं. गावच्या शाळेत शिकलेला मी, जे नाव कमावलं ते ह्याच हातानं.

३ फेब्रुवारी

रजा संपवून आज कामावर गेलो, आणि एक विचित्र गोष्ट झाली. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये असतो, माझा जोडीदार नरेश खाली. यंत्रांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, त्याच्या हाताच्या इशाऱ्यावर सगळं काम. आज सकाळपासून प्रत्येक लोखंडी प्लेट जागेच्या अलीकडेच थांबत होती. चहाच्या वेळी चिडलो. "नरेश, झोपेत आहे का बे? थांबायचा हात आधीच कावून देतो?"

तो चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, दिवाळीपासून आधीच देऊन राहिलो. तुमचा हात उशिरा थांबते. कोणाले सांगाचं नव्हतं मले."

"मग आज काय झालं?"

"आज तुम्हीच टायमावर थांबून राहिले ना! मले काय माहीत, हात सुधरला म्हणून!"

दोघंही खूप हसलो. मग माझं हसू गेलं. माझ्या मेंदूचा उशीर इतके दिवस हा माणूस खाली उभा राहून भरून काढत होता. आणि मला वाटत होतं, क्रेन मी चालवतो.

त्याला आजार सांगितला. ठरलं — यापुढे हात वेळेवर द्यायचा.

५ फेब्रुवारी

दुपारी गोळीचा असर उतरत आला होता. मला कळलंच नाही! नरेशनं वेळेवर हात दिला, लिव्हर माझ्याकडून उशिरा सुटला. प्लेट पुढे गेली — तो मागे उडी मारून वाचला.  खालून त्यानं लगेच अंगठा दाखवला, काही झालं नाही असा.

उतरून आलो तर म्हणतो, "सकाळी टायमावर देतो, दुपारी आधी देतो. जमते भाऊ!"

जमतं म्हणे! घरी दोन लेकरं आहेत त्याला.

जेवलो नाही. देवाजवळ बसलो, पण काही मागितलं नाही. मागायचं काय? हात दिला, गोळी दिली, असा सोबती दिला. आता पुढचं माझ्याकडे आहे.

६ फेब्रुवारी

सकाळी रत्नमालाला सगळं सांगितलं. "मंग उठा ना जी," एवढंच म्हणाली.

शिफ्टच्या आधी फोरमन साहेबांना आजार सांगितला, कालची गोष्टही सांगितली.  मग म्हणाले, "नए लोगों को नीचे से सिखाओगे?"

हो म्हणालो.

क्रेनच्या शिडीजवळून गेलो. चढलो नाही.