ब्लॉक म्हणजे नेमकं काय
सोमवार, संध्याकाळ. सापगाव.

शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "वडिलांच्या हृदयात ब्लॉक आहे. जड काम करू देऊ नका." घरी येऊन बाबा आईला हसत म्हणाले, "अगो, रविवारचा रेल्वेचा ब्लॉक सांजच्याला संपतो ना? यो पन संपल."

संपेल? मामाने कल्याणला घर घेतलं, तोही ब्लॉकच. त्याच्या दारातल्या वाटेवर बसवलेत तेही ब्लॉकच. रोजचाच शब्द, मग आज तो कळत का नाहीये?

शब्दकोश काढला. मूळ अर्थ दिलाय लाकडाचा ओंडका. ओंडका! बाबा मागच्या दारी तोच फोडतायत. दोनदा अडवलं, ऐकत नाहीत. लिहायला बसले तेव्हा कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

आता येत नाहीये.