कावळ्याला दार उघडण्याबाबत

रामवाडी, पेण

सौ. विहीणबाई गिरजाबाई यांस हैबतरावाचा सादर नमस्कार. आपली व व्याह्यांची तब्येत ठणठणीत असावी. आपण रोह्याहून धाडलेले कडवे वाल पोचले (सोलताना बोटं दुखली, पण बिरडं फक्कड झालं). इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. माझा चारचौघांत अपमान झालाय आणि तो आपल्या कन्येनं, म्हणजे माझ्या सुनेनं, केलाय.

प्रणिता इथल्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते हे आपण जाणताच. आता तिनं चिऊकाऊची गोष्ट नव्यानं मांडलीय. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पावसात शेणाचं वाहून गेलं. यात नव्यानं मांडायचं काय? पण नाय. हिनं मोठं कापडी पुस्तक शिवलं, आजीआजोबांच्या मांडीवर बसून मुलांनी पानं उलटायची, आणि दर पानाला थांबून पुढं काय व्हावं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. (आमच्या वेळी ते आजी ठरवायची आणि आम्ही झोपायचो.) कावळा तेवढा जिताजागता हवा म्हणून मला काळी चादर पांघरून वाचनालयाच्या दाराबाहेर उभं केलं.

मी कडी वाजवली. चिमणी बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, तेवढा उशीर मी धरून चाललो होतो. आत तर सभाच भरली. खारेपाटातल्या हौसाबाईंचं म्हणणं, पावसात कुणाला बाहेर ठेवू नये. त्यांच्याच नातवाचं म्हणणं, कावळ्यानं पाय धुतलेत का ते आधी विचारा. एवढ्यात खरीच सर आली. जन्मभर एस.टी.च्या गाड्या वेळेवर सोडणारा मी, दाराशी चिंब होऊन खोळंबलो. डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून निघालेला एक इसम मोटारसायकल थांबवून कळवळ्यानं म्हणाला, “काय झाला काका? सुनेनी बाहेर काढला काय?”

दाराआड सूनच होती. खोटं कसं बोलू? मी व्हय म्हटलं. त्या भल्या माणसानं माझ्या वतीनं दारावर अशी थाप हाणली, की आतली पोरं रडायला लागली. कुणी उठेना. आणि मग कडी निघाली.

दारात मनस्वी. शाळेत घातल्यापासून परक्यांसमोर चकार शब्द न काढणारी आपली नात. तिनं मला खालून वर पाहिलं आणि वळून भरल्या खोलीला सांगितलं, “माझा कावळा भिजलाय. आधी त्याला जेवाय द्या, मग काय ते ठरवा.”

प्रणिताच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. मला पोहे मिळाले (त्या इसमालाही, आणि त्यानं दोनदा घेतले). मग पोरांनी चिमणीच्या घराला लागून माझं पुठ्ठ्याचं घर बांधलं. आता सांगा, आळशाला शिक्षा कुठाय? तात्पर्य कुठाय? मी प्रणिताला तिथंच जाब विचारला, तर ती एकीकडे डोळे पुसत होती आणि एकीकडे हसत होती. वर गावभर झालंय की हैबतरावाला सुनेनं काढला. काल वाण्यानंही आस्थेनं चौकशी केली. अशा बेशिस्तीत मी पुन्हा पडणार नाही, हे आपण तिला कडक शब्दांत कळवावं.

आपला,
हैबतराव

ता. क. पुढचा कार्यक्रम रोह्याला आहे आणि कावळा व्याह्यांना द्यायचं घाटतंय असं कानावर आलं. त्यांच्या गुडघ्यांना भिजणं सोसायचं नाही. आपण आई या नात्यानं शब्द टाकावा. आपल्याकडची काळी घोंगडीही काढून ठेवावी. चादरीचे पंख नीट पसरत नाहीत.

पुन्हा ता. क. मनस्वीला फोन कराल तर हातातली कामं उरकून करा. ती आता ठेवत नाही.