शिबिरातली रिकामी दुपार

अंबरनाथ (पूर्व)
रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम जयभीम. हातानं पत्र लिहायची सवय मोडलीय, त्यामुळे अक्षर कुठे चढेल, कुठे उतरेल, सांभाळून घे. फोनवर आपण दोघं फार भराभर बोलतो. तू ‘मस्त चाललंय’ म्हणतोस, मी ‘जेवलास का’ विचारते आणि मधलं सगळं राहून जातं. आज घरात शांतता आहे. आजी विहारात गेलीय, बाबा गॅलरीत स्कूटर पुसायचं फडकं धुतायत. गुडघा दुखतो म्हणून कुरकुरणारी तुझी आजी विहाराचे जिने मात्र कुणाचा हात न धरता चढते.

मोठी बातमी म्हणजे आमच्या संशोधन केंद्राचं निवासी शिबिर एकदाचं पार पडलं. पीएचडी करणारी सगळी मुलं आणि आम्ही मास्तर मंडळी, दोन दिवस कॉलेजच्या बाहेर. उल्हासनगरच्या त्या इमारतीत रसायनांच्या वासात वर्षानुवर्षं बसून माणसं एकमेकांना ‘रीडिंग आलं का’ याच्यापुढे काही विचारत नाहीत, म्हणून जरा बाहेर पडू या, ही कल्पना आमचे विभागप्रमुख दिनानाथ सर यांची. कल्पना त्यांची आणि काम माझं, हे तुला वेगळं सांगायला नको.

जागेवरूनच पहिली वादावादी झाली. मुलांना अलिबाग हवं होतं. सरांना एसी हॉल असलेलं हॉटेल. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या लालवानी मॅडमना कुठेही चालणार होतं, फक्त नाश्ता उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या त्यांच्या ओळखीच्या माणसाचाच हवा. ‘माया, दाल-पकवान के बिना दिमाग चलता नहीं,’ असं त्या इतक्या गंभीरपणे म्हणाल्या की सरांनी ते टिपून घेतलं. या सगळ्यात माझी विद्यार्थिनी अक्षदा गप्प बसून होती. बैठक संपल्यावर माझ्या टेबलापाशी आली. ‘मॅडम, माझं नाव काढा. बाळ अजून अंगावर पितंय. त्याला सोडून राहता येणार नाही आणि घेऊन आले तर बरं दिसणार नाही.’ ती बदलापूरला राहते. मी तिथल्या तिथे ठरवलं, शिबिर बदलापूरला घ्यायचं आणि बाळानंही यायचं. सरांना सांगितलं, ‘सगळ्यांना जवळ पडेल.’ ते खोटं नव्हतंच.

जागा बघायला बाबांच्या स्कूटरवरून गेले. पालेगावातून वळसा घेतला. तू लहान असताना आपण तिथे भाताची खाचरं बघायला जायचो, आठवतं? आता तिथे इमारतींमागे इमारती आहेत आणि गावाची जुनी विहीर एका सोसायटीच्या गेटच्या आत गेलीय. बाबा म्हणाले, ‘इथंच मिलिंदच्या चपला चिखलात रुतल्या होत्या.’ चपला नेमक्या कुठे रुतल्या, यावर आम्ही भांडत भांडत बदलापूर ओलांडलं. बारवी धरणाच्या रस्त्याला बुधाजी म्हणून एक शेतकरी आहेत. भात निघाला की रिकाम्या जागेत शिबिरंबिबिरं घेऊ देतात. चार खोल्या, एक पत्र्याचा हॉल, अंगणात मोठं चिंचेचं झाड आणि मागे डोंगर. त्यांच्या बायकोनं, रखमाबाईंनी, पहिला प्रश्न विचारला, ‘तुमची मान्सं भाकर खातील ना, का चपातीच पायजे?’ मी म्हटलं, भाकरीच करा. अलिबागवाल्या मुलांनी नंतर सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर भाकऱ्यांचा जो फडशा पाडला, तो तू बघायला हवा होतास.

दुसरी वादावादी वेळापत्रकावरून. सरांनी ते सकाळी सातपासून गच्च भरलं होतं. पेटंट कसं मिळवावं, पेपर कुठे पाठवावा, प्रत्येकाची प्रगती, मग गटचर्चा, मग तिचं सादरीकरण. आधी मीही मान डोलावली होती. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, दुसऱ्या दिवसाची दुपार मला रिकामी हवी. पीपीटी नाही, इतिवृत्त नाही, कुणी काय बोललं ते केंद्रात परत न्यायचं नाही. मुलांनी बोलावं, आपण ऐकावं. सर म्हणाले, ‘माया मॅडम, रिकाम्या दुपारी माणसं झोपतात.’ मी म्हटलं, झोपली तर झोपू देत. ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याशी इतक्या वर्षांत कधी हट्टानं बोलले नव्हते. ‘एवढं काय अडलंय?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मुलं आपल्याला घाबरतात, त्यामुळे त्यांच्या मनातलं आपल्याला काही कळत नाही. हे कारण खरं होतं, पण पुरं नव्हतं. त्यांनी कुरकुरत ती दुपार दिली.

तुला हैदराबादला पीएचडीसाठी प्रवेश मिळाला तो दिवस मला त्या आठवड्यात फार आठवत होता. आजीनं शहाडच्या जुन्या चाळीत जाऊन घरोघर पेढे वाटले होते. जिथे तुझे आजोबा, भगवानदादा, कारखान्याची पाळी करून आल्यावर कंदिलाशी बसून अक्षरं गिरवायचे, त्याच खोलीसमोर उभी राहून ती सांगत होती, ‘सून डॉक्टर झाली, आता नातू होणार. सुईवाला नाय, पुस्तकवाला.’ सगळे हसले. तूही हसलास. तुझ्या पाठीवर किती हात पडले त्या दिवशी. प्रत्येक हात प्रेमाचाच होता, आणि हातांनाही वजन असतं, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पहिला दिवस सरांच्या मनासारखा गेला. वीज दोनदा गेली, प्रोजेक्टर बंद पडला, पण भाषणं थांबली नाहीत. अक्षदाचं बाळ दुपारभर लालवानी मॅडमच्या मांडीवर होतं आणि त्या त्याच्याशी सिंधीत बोलत होत्या. ‘बरं दिसणार नाही’ म्हणणारी अक्षदा पेटंटच्या सत्रात पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारत होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही चिंचेखाली सतरंज्या टाकल्या. मी एवढंच म्हटलं की आज कामाबद्दल कुणी विचारणार नाही, ज्याला जे सांगावंसं वाटतं ते सांगावं. सगळे एकमेकांकडे बघत बसले. सर घड्याळ बघत होते. मला वाटलं, फसलं. मग सनी बोलला. सनी म्हणजे सरांचा लाडका विद्यार्थी, वांगणीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याकडे सगळ्यांत हसरा. गवताची काडी मोडत, खाली बघत म्हणाला, ‘मॅडम, मला नाय करायचंय हे आता.’

कुणाला आधी कळलंच नाही. ‘काय नाही करायचं?’ मी विचारलं.

‘पीएचडी. वर्ष झालं मनातून सुटलंय. लॅबमध्ये येतो, कोट घालतो, बसतो. घरून डबा घेऊन निघतो रोज. आई दारात उभी राहते. तिला कसं सांगणार? गावात सगळ्यांना बोलून बसलीय ती. रोज वाटतं आज बोलू, आणि रोज संध्याकाळी मस्त चाललंय बोलतो.’

मिलिंद, ते दोन शब्द ऐकले आणि मी चष्मा काढून पुसायला लागले. तो स्वच्छ होता.

सर्वांनी सरांकडे पाहिलं. सर रागीट आहेत, तुला माहीत आहे. त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, ‘मला का नाही सांगितलंस?’ सनी म्हणाला, ‘सर, तुम्ही भेटलात की काम कुठवर आलं, हेच विचारायचात. त्याचं उत्तर माझ्याकडे असायचं. हे कुठे सांगायचं ते समजत नव्हतं.’ चिंचेच्या पानांचा बारीक सडा सरांच्या टकलावर पडत होता, तो त्यांनी झटकला नाही. शेवटी म्हणाले, ‘बरोबर आहे तुझं.’ आणि मग, ‘संध्याकाळी माझ्या गाडीत बस. तुझ्या घरी आपण दोघं जाऊ. तू बोल, मी नुसता बसेन.’

त्यानंतर मात्र बांध फुटल्यासारखी मुलं बोलली. कुणाला घरात अभ्यासाला जागा नव्हती, कुणाचं लग्न थिसिससाठी खोळंबलं होतं आणि थिसिस लग्नाच्या काळजीनं. अक्षदा म्हणाली, ‘मला सोडायचं नाही. फक्त हळूहळू करू द्या.’ सरांनी मान हलवली. ऊन डोंगरामागे गेलं, रखमाबाई चहा घेऊन आल्या तरी कुणी उठलं नाही.

सनीच्या घरचं नंतर कळलं. सगळं गोडीत झालं असं नाही. त्याची आई, राजाबाई, पदर तोंडाला लावून बसून राहिली. वडील, आनंदा, सरांना म्हणाले, ‘पोरगं चुकलं का तुमचं काय चुकलं, ते सांगा.’ सर म्हणाले, ‘कुणाचंच नाही. त्याचा जीव त्यात नाही, एवढंच.’ वडील काही दिवस मुलाशी बोलले नाहीत. मग एका सकाळी गोठ्यातून हाक मारली, दुधाचा कॅन उचलायला. सनी मला फोनवर म्हणाला, ‘मॅडम, बाप अजून नीट बोलत नाय. पण मी रात्री झोपतोय आता.’

आता जे वर सांगायचं गाळलं, ते सांगते. शिबिराला पाहुणं कुणीतरी बोलवायचं म्हणून मी हैदराबादला तुझ्या संस्थेतल्या राव मॅडमना फोन केला होता. त्यांना यायला जमणार नव्हतं, पण फोन ठेवताना त्या आपुलकीनं म्हणाल्या, ‘मिलिंद गेल्यापासून आमची लॅब फार शांत झालीय. त्याच्या शाळेची मुलं खूश आहेत ना त्याच्यावर? शिफारसपत्र मीच दिलं होतं.’ त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊक असणार. मी ‘हो, हो’ म्हणत गेले, बोलता बोलता शाळेचं नाव काढून घेतलं, फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस न पेटवताच चहाचं आधण ठेवलं. राग आला होता, नाही म्हणत नाही. तू सोडलंस याचा नाही, मला न सांगता एवढे महिने एकट्यानं वाहिलंस याचा. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘शिकवतोय ना? मग आपल्या घरात नवीन काय झालं?’ ती रिकामी दुपार मी सरांकडे हट्टानं मागितली ती त्या फोननंतर. माझ्या मुलाला जे माझ्यासमोर बोलता आलं नाही, ते दुसऱ्यांच्या मुलांना तरी कुठेतरी बोलता यावं, एवढंच तेव्हा सुचलं. पण सनी बोलला आणि वाटलं, आता मी गप्प राहिले तर तुला रोज तेच दोन शब्द म्हणत राहावं लागेल. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते होस्टेलवर नाही, तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. का सोडलंस, हे तुला वाटेल तेव्हा सांग, न सांगितलंस तरी चालेल. आजीला मी काही बोललेले नाही. तो शब्द तुझा आहे. तू सांगशील तेव्हा मी तिच्या शेजारी बसलेली असेन. पुढच्या रविवारी फोन करशील तेव्हा थिसिसचं मी विचारणार नाही. कोणत्या वर्गाला शिकवतोस, मुलं दंगा करतात का, आणि घंटा झाल्यावर वर्गातून बाहेर पडताना तुला कसं वाटतं, ते मला ऐकायचंय.

तुझीच,
आई