दोनदा लिहिलेली संख्या

बिरसी, १ जुलै २०२५

ती. बकाराममामांस,
रेणूचा सा. न. वि. वि.

एखादी संख्या फुटते, म्हणजे तिला लहान संख्येने पूर्ण भाग जातो, हे पक्कं ठाऊक, पण कशाने फुटते ते जगात कुणालाच सापडलेलं नाही. मग ती फुटते हे कळलं कसं? मला याचं उत्तर येत नाही. शेकडो आकड्यांच्या अशा संख्या आहेत, असं कॉलेजात सरांनी सांगितलं. कारण पुढच्या वर्गात शिकवतात म्हणाले, आणि माझी बी.एस्सी. तिथेच संपली.

घरातली पहिली पदवी म्हणून आईने ती देवाजवळ ठेवली आहे. मला मात्र नागपूरला एम.एस्सी. करायचं आहे, आणि परत येऊन इथल्या मुलींना गणित शिकवायचं आहे. बाबा म्हणतात, भाचीचं लग्न मामाच्या शब्दाने ठरतं, आणि मामाने आमगावचं स्थळ आणलं आहे. तेव्हा शब्द तुम्हीच फिरवा.

तुमच्या रानात मोबाईल लागत नाही, म्हणून हे पत्र. आधी मामींना दाखवा. त्यांना लवकर समजतं.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी,
रेणू

मोहटोला, ८ जुलै

चि. रेणूस,
मामाचा आशीर्वाद.

फुटते का नाही, हे पाहाले नागपूर कायले पायजे? सोबत वीस आकडी संख्या धाडून राहिलो. तीन, सात, अकरा, तेरा, कशानंच भाग जात नाही. तुई दुर्पतामामी आन मी दोन सांजा भागाकारच करून राहिलो होतो, भात करपला.

पंधरा दिवसांत हातानं फोडून दाखव. फोडली तर तुया बापाले मीच सांगतो का पोरीले नागपूरले धाड. नाही फुटली तर आमगाववाल्यायसाठी गुमान पोहे कर. भुपेंद्र पोरगा चांगला आहे, त्याचा बायोडाटा माया पेटीत आहे.

माया हायच, पण पैज ते पैज.
बकाराम

बिरसी, १२ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमची संख्या चहा निवायच्या आत फुटली. दहा आकडे लिहून तेच तुम्ही पुढे पुन्हा लिहिलेत. ३७ पुढे ३७ लिहा, ३७३७ होतात. म्हणजे ३७ गुणिले १०१. तसंच कोणतीही दहा आकडी संख्या दोनदा लिहिली, की ती १०००००००००१ ने गुणल्यासारखी होते, आणि त्यालाही एकशे एकने भाग जातोच. मामी लग्नाच्या पाकिटात घालतात तेच एकशे एक. भागाकार मागच्या पानावर मांडला आहे.

आता ते दहा आकडे. जिथे मोबाईल लागत नाही, तिथे मोबाईल नंबर नुसती संख्या वाटणारच. इथे लागतो. मी लावला. पलीकडे आमगावचे भुपेंद्र निघाले. मी कोण ते सांगितलं, पैज सांगितली. बराच वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग त्यांनी विचारलं, नंबर एकदाच लिहिला असता तर? मी म्हटलं, मग वेळ लागला असता, एम.एस्सी.ची दोन वर्षं तरी. त्यावर ते काय म्हणाले, ते तुम्हाला सांगणार नाही.

प्रवेशाची शेवटची तारीख २२. बाबांशी त्याआधी बोला, आणि हरल्याचा राग धरू नका.

रेणू

मोहटोला, १७ जुलै

चि. रेणूस,
आशीर्वाद.

तुई मामी दोन दिवसांपासून हासून राहिली. पेटीतला कागद समोर होता, दुसरा मोठा आकडा कुठून आणू? दहाचा लहान दिसला म्हनून दोनदा लिवला. पण पोराशी बोलायचं पैजेत नव्हतं, बाई. धानाचा रोवणा आटपला का येतो, मंग तुया बापाशी बोलू. घाई कायले? नागपूर का पळून राहिलं?

तरी माया कमी नाही झाली.
बकाराम

नागपूर, २३ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

नागपूर पळत नव्हतं, तारीख पळत होती. म्हणून तुमचं पैजेचं पत्र बाबांना वाचून दाखवलं, करपलेल्या भातासकट. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. म्हणाले, बकारामने लिहून दिलं म्हणजे दिलं. मग धानाच्या बांधीतला चिखल पायावरून धुतला आणि माझी पिशवी उचलून निघाले.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून मिळालेलं नाही. इथल्या बाई म्हणतात, दुसऱ्या सत्रात मिळेल.

मामींना नमस्कार. तुमचे आशीर्वाद यापुढे वसतिगृहाच्या पत्त्यावर पाठवा. प्रवेश मी काल घेतला.

तुमची,
रेणू