तीनदा विसळलेला पंप

४ ऑगस्ट १९८६, पोखर्णी

आज परभणीहून शेतीखात्याचे साहेब आले. फवारणीवर तासभर भाषण. रबरी हातमोजे घाला, चष्मा लावा, पायांत बूट हवेत. समोर सगळे अनवाणी. बन्सीधरने विचारलं, "साहेब, मोजे कुठं मिळतेत?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग फवारून दाखवताना पंपाचं नोझल तुंबलं — आणि साहेबांनीच ते तोंडाला लावून फुंकलं! चहा मात्र दोनदा घेतला.

७ ऑगस्ट

साहेबांचं सोडा, आमचे लोक काही कमी नाहीत. बन्सीधर वाऱ्याकडे तोंड करून फवारतो, औषध कोपरापर्यंत हात घालून ढवळतो. वर म्हणतो, "वास आल्याबिगर औषध हाय असं वाटतच न्हाई, काकू." नाकाने शेती करणारा माणूस.

बायकांना मीच ओसरीवर शिकवते आहे. ज्वारीत टारफुला माजलाय, त्यावर तणनाशक मारायचं. कापसावर अळीचं औषध. पंप एकच, माझा. तणनाशकाच्या बाटलीबरोबरचा कागद इंग्रजी. तो वाचणारी गावात मी एकटी. सांगितलं — मध्ये पंप तीनदा विसळायचा.

शाळेच्या प्रयोगशाळेत सिस्टर ॲग्नेस आमच्याकडून काचेच्या नळ्या अशाच तीनदा विसळून घ्यायच्या, मग खिडकीशी धरून बघायच्या. हैदराबादची ती खिडकी, ओल्या फरशीचा वास. लग्न होऊन इथे आले, पुन्हा तशी नळी हातात आली नाही.

१९ ऑगस्ट

टारफुला जळाला. ओसरीवर शिकायला येणाऱ्या तानुबाईची ज्वारी बघत राहावी अशी. पंप तिच्याकडेच आहे, उद्या कापसावर फवारणार.

२ सप्टेंबर

तानुबाईचा कापूस गेला. दोन एकर, तिचं सगळं वर्ष त्यावर. पानं भेंडीच्या पानांसारखी चिरलेली, शेंडे वळलेले. तणनाशकाचाच प्रताप. पंप धुतलाच नसणार.

"तीन येळा धुतला, बाई. तुमी सांगितलं तसं."

"तीनपर्यंत मोजता येतं का तुला?"

ओसरीवर सगळ्यांदेखत तिला उभी केली, बोटं मोजायला लावली. शाळेत आम्हांलाही असंच उभं करत. पंचफुला पदराआड हसली. तानुबाईने मोजली — एक, दोन, तीन. मग खाली बघत उभी राहिली.

९ सप्टेंबर

तानुबाई आज आली नाही. पंचफुलाने निरोप सांगितला, "ती म्हन्ती, बाईचा पंप नगं. आमी आपलं खुरप्यानंच काढू." चूक स्वतःची आणि रुसवा माझ्यावर. यांना शिकवायचं तरी कशाला?

११ सप्टेंबर

तणनाशकाचा तो कागद मी खूण म्हणून या वहीतच ठेवला होता. आज उलटा पडला. मागेही छापलं आहे, बारीक अक्षरात. नुसत्या पाण्याने पंप साफ होत नाही. धुण्याचा सोडा घालून चोवीस तास भरून ठेवावा. कापसाला हा पंप वापरूच नये.

मागची बाजू मी वाचलीच नव्हती.

उद्या सगळ्यांना ओसरीवर बोलवायचं. तानुबाईला आणायला मी जाईन. तिने बसायचं. उभं मी राहायचं.