बुडाशी न पाहिलेली बाटली

मॅडम, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण या आठवड्यात तुमची फार आठवण आली. अकोल्याच्या आपल्या त्याच प्रयोगशाळेत बसून लिहितोय. मी हिवरखेडहून नवा नवा आलो होतो, तेव्हा तुम्ही समजावलंत: धानाच्या फुलातले परागकोष बाटलीत वाढवायचे, त्यांचा गोळा झाला की त्यातून निम्म्या गुणसूत्रांचं रोप काढायचं, मग औषध देऊन ती दुप्पट करायची. रोप एका फटक्यात पक्कं, पिढ्यान्‌पिढ्या निवडत बसायला नको. ऐकायला किती सोपं! माझ्या बाटल्यांत सगळी पांढरीफटक रोपं उगवली. हिरवेपणाच नाही, म्हणजे जगणारच नाहीत. मी टाकायला निघालो, तर तुम्ही हात धरलात. एरवी शुद्ध बोलायचात, पण राग आला की थेट राजापेठेतल्या वऱ्हाडीवर पोचायचात. "काहून रे, कायची घाई झाली तुले? बाटली उलटी करून बुडाशी पाह्यलं का? एकाच गोळ्यातून पांढरंही निघते अन् हिरवंही."

"काही नाही मॅडम त्याच्यात."

"पाह्य म्हणते ना!"

पाहिलं. खरंच काही नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात, नसलं तरी पाहायचं.

तुम्ही स्वतः केलेला तो वासाच्या धानाचा संकर आता माझी एक विद्यार्थिनी पुढे नेतेय. परतवाड्याची आहे. वर्षभर परागकोष लावतेय, एकही हिरवं रोप नाही. परवा ती सुट्टीवर होती आणि मला रॅकवर जागा हवी होती. तिची पांढरी बाटली उचलली, वरवर पाहिली आणि जंतू मारायच्या वाफेच्या कुकरात टाकली. धुवायला काढली तेव्हा बुडाशी एक कोंब दिसला, शिजलेल्या मेथीच्या रंगाचा. पांढरा कोंब शिजून तसा होत नाही, मॅडम. तो हिरवा होता.

ती आली. "सर, माही बाटली कुठी गेली?"

"बुरशी आली होती. हात नीट धूत जा जरा," मी म्हणालो. तेही दोन पोरांसमोर! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. लाज वाटते हो मला. ती नुसतं "हो सर" म्हणाली. तेव्हापासून कोपरापर्यंत हात घासते, स्पिरिट लावते, पुन्हा घासते. बोटांची सालं निघालीत. काल म्हणाली, "सर, विषय बदलून देता का? माह्या हाताले यशच नाही." आणि मी, मॅडम, चहा पीत "पाहू" म्हणालो.

तुम्हाला लिहिलं की मन हलकं होईल असं वाटलं होतं. थोडं झालंही, आणि तेच मला आवडलं नाही. तुम्ही हे वाचणार नाही, म्हणूनच एवढं धडाधड लिहिता आलं. ती पलीकडच्याच खोलीत आहे, दारही उघडं आहे. उठून चार पावलं जायचं, तर मी इथे तुम्हाला लिहीत बसलोय.